उस्ताद अहमदजान थिरकवा यांचा ‘हात’ आणि महाराष्ट्रातील तबलाशिक्षण

संगीताच्या इतिहासात घराण्यांच्या वंशावळी विपुल आढळतात; परंतु असामान्य वादकाचे तंत्र शिष्याच्या हातात प्रत्यक्ष कसे उतरले, याचा विचार त्या मानाने कमी झालेला आहे. प्रस्तुत लेखात उस्ताद अहमदजान थिरकवा (मृत्यू १९७६) यांच्या तबलावादनाच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मुरादाबादच्या थिरकवांची तालीम मुंबईत उस्ताद मुनीरखाँ यांच्याकडे झाली. ‘थिरकवा’ हे बोटांच्या थिरकत्या हालचालीवरून पडलेले टोपणनाव. तेच पुढे रूढ झाले. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) ते साथीला आले, तेव्हा सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा अशी जोडी मराठी प्रेक्षकांसमोर बसू लागली. एरवी दरबार, मैफल आणि तालमीची बंद खोली यांत वावरणारी ही कला तिकीट काढून आलेल्या कोणाही माणसाच्या कानी पडू लागली, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लहान नव्हे. मात्र रंगभूमीवर पेशकार-कायद्यांच्या विस्ताराला वाव नसतो. तेथे पदाला ठेका धरायचा असतो. त्यामुळे थिरकवांच्या विद्येपैकी महाराष्ट्राने प्रथम ऐकला तो त्यांचा ठेका : त्यातील नादाचे वजन, डग्ग्याची आस, दोन मात्रांमधील भरलेली जागा. बोलांचा साठा नंतर आला. हा क्रम उलटा झाला असता तर मराठी तबलजींची अभिरुची वेगळी घडली असती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ज्याला तबलजी ‘निकास’ म्हणतात, म्हणजे बोल हातातून काढण्याची पद्धत, तो या विद्येचा गाभा होय. ‘तिट’ हे साधे अक्षर घ्यावे. दिल्ली बाजात ते मधले बोट आणि तर्जनी यांनी, आटोपशीर वाजते. पूरब बाजात पहिल्या आघाताला मधले बोट, अनामिका आणि करंगळी एकत्र पडतात व हात अधिक खुला राहतो. कागदावर दोन्ही ‘तिट’च. ‘धिरधिर’मध्ये पंजाच्या दोन बाजू शाईवर आळीपाळीने पडतात, पंजा किती उचलावा, हे लिपी सांगू शकत नाही. थिरकवांच्या वादनात दिल्ली, अजराडा, लखनौ व फरुखाबाद यांची वैशिष्ट्ये एकत्र नांदत होती. म्हणूनच कोणत्या बोलाला कोणता हात, हा निर्णय शिष्याला पदोपदी घ्यावा लागे.

हा निर्णय सान्निध्यातून शिकणाऱ्यांत पुण्याचे लालजी गोखले, मुंबईचे निखिल घोष आणि भाई गायतोंडे यांची नावे प्रामुख्याने घ्यावी लागतील. आग्रा घराण्याचे गायक जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ हेही थिरकवांकडे तबला शिकले होते. गायकाने असे शिकावे, यावरून त्या हाताची ओढ केवळ तबलजींपुरती नव्हती हे दिसते. निखिल घोष यांनी १९६८ मध्ये आपली स्वतंत्र स्वरतालिपी ग्रंथरूपाने मांडली. मुनीरखाँ परंपरेतीलच उस्ताद अमीरहुसेनखाँ यांचे शिष्य अरविंद मुळगावकर यांनी ‘तबला’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला. सुशिक्षित मध्यमवर्गातून आलेल्या या वादकांना विद्या लिहून ठेवण्याची निकड वाटली, हे स्वाभाविकच होते. तथापि लिहून ठेवता येते ते बोलांचे, लयीचे. निकासाचे वर्णन फार तर गद्यात करता येते.

हा पेच तबल्यापुरताच नाही. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात अमेरिकेत लॅरी ग्रॅहम आईच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवत असताना ड्रमवादक उरला नाही. तेव्हा अंगठ्याने तारेवर आघात करून मोठ्या ड्रमची आणि बोटाने तार खेचून स्नेअर ड्रमची उणीव त्यांनी भरून काढली. हेच ‘स्लॅप’ वादन. पुढे व्हिक्टर वूटन यांनी अंगठा खाली जाताना आणि वर येताना, दोन्ही वेळा तार बोलती करण्याचे तंत्र विलक्षण विकसित केले. आजचा विद्यार्थी त्यांचा हात चित्रफितीत संथ करून पाहू शकतो. थिरकवांच्या ध्वनिमुद्रणावरून शिकणाऱ्याला ही सोय नाही. त्याला नाद ऐकून हात ताडावा लागतो. मात्र चित्रफीतही शिकणाऱ्याचा चुकलेला कोन दुरुस्त करीत नाही.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) परीक्षांमुळे तबलाशिक्षण गावोगावी पोहोचले, याचे मोल निर्विवाद आहे. परंतु परीक्षेत पढंत, लिपीलेखन आणि पाठांतर यांना गुण देणे सोपे. निकासाला गुण देणे परीक्षकाच्या कानावर अवलंबून. मुळशीसारख्या तालुक्यातून येणारा विद्यार्थी पुष्कळदा भजनी मंडळातील पखवाजाची खुली थाप ऐकून आलेला असतो. ‘तिट’ लिहिलेले दिसताच तो पूर्ण पंजाने वाजवतो. त्यास चूक ठरवून बोटे आखडायला लावावीत, की त्या खुल्या हातावरूनच त्यास पूरब बाजाकडे न्यावे? पाठ्यक्रम याबाबत मौन बाळगतो. दुसरा मार्ग अधिक फलदायी ठरेल असे वाटते. कारण खुल्या बाजाचे पखवाजाशी असलेले नाते सर्वमान्य आहे.

भाई गायतोंडे यांचे २०१९ मध्ये निधन झाले. थिरकवांसमोर बसून शिकलेल्यांची पिढी आता जवळजवळ सरली आहे. त्या पिढीकडून शिकलेले वादक मात्र पुणे-मुंबई-ठाणे परिसरात शिकवीत आहेत. महाविद्यालयीन संगीत विभागांनी त्यांच्याकडून एकेका बोलाचा निकास, कोणते बोट, चाट की लव, डग्ग्यावर मनगटाचा दाब कोठे, अशा तपशिलासह आजच चित्रित करून घेणे शक्य आहे.