म्हशीचं, गाईचं, पिशवीचं

माझ्या लहानपणी आमच्या घरात दुधाचे प्रकार दोनच होते. निरसं आणि तापवलेलं. कुणाचं दूध, हे विचारायची गरजच नव्हती. दावणीला दुभती अशी एकच, पंढरपुरी म्हैस. गाय होती, पण खिलार. खिलार गाय पाळायची ती खोंडासाठी. आमच्या सांगोल्याच्या माळावर बैल म्हणजेच शेती. त्यामुळं तिचं दूध वासरानं प्यायचं, उरलं तर पोरांनी.

म्हशीची शिंगं तलवारीसारखी, पार खांद्यामागं गेलेली. दोन्ही वेळचं मिळून सहा-सात लिटर द्यायची. या जातीचा एक मोठा गुण, पान्हा चोरत नाही. म्हणून तर कोल्हापुरात गवळी म्हशी गंगावेशीच्या चौकात आणून बांधायचे आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोर धार काढून द्यायचे. पेल्याला फेस आलेला असायचा. त्याला म्हणायचं धारोष्ण दूध.

आमच्याकडं मात्र दूध विकायची रीत नव्हती. आई म्हणायची, "तूप इकावं, दूद इकू नये." रात्री विरजण, पहाटे रवी. लोणी कढवून तूप बाजारला जायचं आणि ताक सगळ्या गल्लीला फुकट. तेव्हा वाटायचं, हा धर्माचा नेम आहे. आता कळतं, व्यवहारही होता. गावाला धड रस्ता नव्हता. दूध दुपारपर्यंत नासायचं, तूप वर्षभर टिकायचं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा. वैरण संपली, म्हैस आटली. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची. कोरा चहा प्यायला आम्ही त्याच वर्षी शिकलो. पुढं बरेच दिवस पोटापाण्याचा भरवसा पावसावर ठेवायची भीतीच बसली.

म्हणून डेअरी आली तेव्हा गाव तिच्याकडं धावलं. देशात १९७० ला दुधाचा महापूर योजना सुरू झाली होती. आमच्या आडगावात कॅन यायला आणखी दहा वर्षं गेली. दर दहा दिवसांनी रोख पैसे, हे गावानं प्रथमच पाहिलं. आणि त्याच कॅनबरोबर एक नवा शब्द आला, फॅट. काचेच्या नळीत दूध, त्यात गंधकाचं आम्ल आणि थोडं अल्कोहोल घालायचं. मग नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या. स्निग्धांश वर गोळा होतो, तो नळीवरच्या रेघांवर वाचायचा. गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीला ६ आणि ९. या आकड्यांवर दर ठरायचा. एसएनएफ म्हणजे चरबी सोडून दुधात जे घन असतं ते, प्रथिनं, साखर, क्षार.

आमच्या केंद्रावर गरिबाच्या म्हशीला रोज ५.४ लागायची. पाऊस असो, पेंड असो, ५.४ च. एक दिवस मी म्हटलं, नळी दाखवा. लिहिणारा म्हणाला, "धाव्वी शिकलास म्हून नळी वाचाय येती व्हय?" मी नळी डोळ्यासमोर धरून रेघा मोजल्या. ६.२ होती. त्यानं मुकाट आकडा खोडला. त्या दिवसापासून मी रोज नळी बघूनच घरी यायला लागलो. दहावीचा एवढा उपयोग मला दुसरा कुठंच झाला नाही.

तोवर संकरित गाय गावोगाव पोचली होती. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला संस्था काढली, तिच्या कामातून जर्सी आणि होल्स्टीनचं रेतन शेतकऱ्याच्या दारात आलं. म्हशीच्या लिटरला दर जास्त, पण गाय बारा-पंधरा लिटर द्यायची आणि व्यायचीही लवकर. मी हिशेब मांडला आणि १९८६ ला म्हैस विकली. दोर सोडताना आई गोठ्यात आली नाही. त्या गाईच्या दुधाचा चहा तिनं पुढं वर्षभर घेतला नाही. "पाणीच हाय ते," म्हणायची.

ते पाणी नव्हतं. गाईचं दूध पिवळसर दिसतं ते तिच्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळं. म्हशीच्या दुधात ते उतरत नाही, म्हणून ते पांढरंशुभ्र, आणि स्निग्धांश जास्त म्हणून साय जाड. पातळ असणं म्हणजे खोट असणं नव्हे. पण आईचा राग दुधावर नव्हताच, हे मला उशिरा कळलं. तिचा राग कॅनवर होता.

ते कळलं ते असं. धाकटी लेक तिसरीत होती. मास्तरांनी वर्गात विचारलं, घरी दूध कोण कोण पितं? ही उठून म्हणाली, "आमचं दूध डेअरी पिते." मास्तर मला पारावर हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. कर्जाचा हप्ता, पेंडीचं बिल, डॉक्टरची फी यापायी घरातलं वाटीभर दूधही कॅनमध्ये जात होतं. दोन गाई दारात आणि पोरगी कोऱ्या चहात भाकरी कुस्करत होती.

तीच लेक आता पुण्यात असते. परवा फोन केला, "आबा, दुकानात इतक्या पिशव्या, कुठली घेऊ?" मी सांगितलं, रंग बघू नको, प्रत्येक डेअरीचा रंग वेगळा. आकडे वाच. फुल क्रीमला ६ फॅट, ९ एसएनएफ. स्टँडर्डला ४.५ आणि ८.५. टोण्डला ३ आणि ८.५. डबल टोण्डला १.५ आणि ९. टोण्ड दूध ही मुंबईची देणगी. दूध अपुरं पडायचं, म्हणून १९४६ साली दारा खुरोडींनी म्हशीच्या दुधात बिनसायीच्या दुधाची भुकटी आणि पाणी घालून ते जास्त माणसांना पुरवलं, परवडेल अशा दरात. तेव्हा ते गरिबासाठी होतं. आता वजन कमी करणारे घेतात.

वाढत्या पोरांना, दह्याला, खिरीला घट्ट दूध घे. चहाला टोण्ड पुरतं. डॉक्टरनं चरबी कमी सांगितली असेल तर डबल टोण्ड. सुटं दूध घेतलंस तर उकळल्याशिवाय ओठाला लावू नको. आणि ए-टू म्हणून दुप्पट पैसे मागितले, तर ध्यानात ठेव, आपल्या आजीच्या म्हशीचं दूधही ए-टूच होतं. त्याचं कुणी कधी नाव घेतलं नाही.

ती म्हणाली, "आणि तुम्ही कुठलं पिता?"

मास्तरांनी ती गोष्ट सांगितली त्या संध्याकाळपासून आमच्या घरात एक नेम आहे. कॅनचं झाकण उघडायच्या आधी घरचं लिटर बाजूला काढायचं. हप्ता थकला तरी चालेल. पहिल्या दिवशी ते लिटर चुलीवर आईनंच ठेवलं. गाईचंच होतं. उतू जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.