नावामागचा खरा पत्ता: डोमेन नेम सर्व्हरची पुनर्रचना

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे शासकीय नाव ‘बेळगावी’ झाले. शहर मात्र जागच्या जागीच राहिले. इंटरनेटवरही नाव आणि ठिकाण निराळे असते. संकेतस्थळाचे नाव माणसासाठी. संगणकाला आकडी पत्ता लागतो. नावावरून तो पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस.

प्रारंभी सर्व नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये नोंदवले जात. जाळे वाढल्यावर ती अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची उतरंड आखली: वर मूळ सर्व्हर, त्याखाली ‘.इन’सारखे विभाग आणि त्याखाली संस्थांचे सर्व्हर. निपाणीतील तंबाखू व्यापाऱ्याने बँकेचे संकेतस्थळ उघडले, की त्याच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर या उतरंडीत विचारणा करतो आणि मिळालेले उत्तर काही काळ साठवून ठेवतो.

धोका या साठवणीतच होता, कारण उत्तराचा खरेपणा तपासण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. बर्कली विद्यापीठात तयार झालेले ‘बाइंड’ हे सॉफ्टवेअर सर्वत्र पसरले. जुन्या आवृत्त्यांतील त्रुटींमुळे २००० साली ‘बाइंड ९’ नव्याने लिहावे लागले. तरीही २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी मूलभूत उणीव उघड केली. प्रत्येक विचारणेचा ओळखक्रमांक ६५,५३६ शक्यतांपैकी एक असे. तो अचूक हेरला, की सर्व्हरमध्ये खोटा पत्ता पेरता येई. मग बँकेचे नाव बिनचूक लिहूनही ग्राहक बनावट संकेतस्थळावर पोहोचण्याची भीती होती. विचारणा ज्या पोर्टवरून जाते तोही यादृच्छिक निवडल्याने हा अंदाज कितीतरी पटींनी कठीण झाला.

नव्या रचनेने कामे वेगळी केली. ‘एनएसडी’ केवळ अधिकृत उत्तरे देते. ‘अनबाउंड’ ती शोधते, तपासते आणि साठवते. मूळ सर्व्हरची नावे १३च आहेत. पण त्यांच्या प्रती जगभर हजाराहून अधिक ठिकाणी असल्याने भार वाटला जातो. १५ जुलै २०१० पासून मूळ विभागाच्या नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी असते. ‘डीएनएससेक’ नावाची ही पद्धत उत्तर बदलले गेले आहे का, ते दाखवते. मात्र बँकेने आपल्या नोंदींवर स्वाक्षरी केली आणि इंटरनेट कंपनीने ती तपासली, तरच.

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी खुले झाले. पुढे कन्नड लिपीतही ही सोय आली. सर्व्हरपर्यंत जाताना अशी नावे रोमन अक्षरांच्या संकेतात बदलतात. त्यामुळे सीमाभागातील दुकानदाराने नाव कोणत्याही लिपीत घेतले, तरी संरक्षणाची पद्धत तीच राहते.