अस्सल की आभास? गोल्जी संकुलाचा छप्पन्न वर्षांचा वाद

शालेय पुस्तकातील पेशीच्या आकृतीत केंद्रकाजवळ चपट्या पिशव्यांची एक चवड काढलेली असते. खाली लिहिलेले असते 'गॉल्गी संकुल'. दोन गुणांच्या प्रश्नासाठी तिचे कार्य पाठ केले जाते. परंतु १८९८ पासून १९५४ पर्यंत हे पेशीअंगक पेशीत खरोखर असते की नाही, यावरच जीवशास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. त्या वादाचा हा थ्रेड.

कामिल्लो गोल्जी (इटालियन उच्चार हाच, 'गॉल्गी' हे रूप रोमन अक्षरांवरून रूढ झाले) १८७२ मध्ये मिलानजवळील आब्बियातेग्रास्सो येथे असाध्य रुग्णांच्या रुग्णालयात रुजू झाले. तेथे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यांनी एका स्वयंपाकघरातच सूक्ष्मदर्शक मांडला. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून पुढे सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की असंख्य चेतापेशींपैकी मोजक्याच काळ्याभोर उमटतात, तेही शाखा-उपशाखांसह, हे १८७३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. नेमक्या त्याच पेशी का रंगतात, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते. पद्धत मोठी लहरी होती. पुढचा सारा वाद या लहरीपणातून उद्भवला.

एप्रिल १८९८ मध्ये पाविया येथील वैद्यक सभेपुढे गोल्जींनी एक नवे निरीक्षण मांडले. गव्हाणी घुबडाच्या अनुमस्तिष्कातील पुर्किंजे पेशींत, केंद्रकाभोवती, त्यांना बारीक जाळे दिसले होते. त्याला त्यांनी 'अंतर्गत जालिकामय उपकरण' असे नाव दिले.

शंका घेणाऱ्यांची बाजू दुबळी नव्हती. जिवंत पेशीत हे जाळे सहसा दिसत नसे. रंगवण्याची कृती बदलली की आकार बदले: कधी जाळे, कधी कण, कधी कोयरीसारखे तुकडे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच परिचित वाटेल. एखादी सनद एकाच दप्तरात सापडते, प्रत्येक नकलेत मजकूर वेगळा असतो. ती अस्सल मानावी की बनावट?

शिवाय स्वतः गोल्जींची साक्षही पूर्णपणे निर्दोष नव्हती. संपूर्ण चेतासंस्था हे एक अखंड जाळे आहे, असे त्यांचे ठाम मत होते. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी गोल्जींचीच रंगपद्धती सुधारून चेतापेशी परस्परांपासून स्वतंत्र असतात असे दाखवले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, तेव्हा गोल्जींनी आपल्या व्याख्यानात काहाल यांच्या सिद्धान्तावरच टीका केली. मोठ्या जाळ्याबाबत ते चुकले होते. मग लहान जाळ्याबाबत त्यांच्यावर विश्वास का ठेवावा?

१९२६ मध्ये गोल्जी निवर्तले, तेव्हा प्रश्न अनिर्णितच होता. १९४९ मध्ये तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील जॉर्ज पालाडे आणि आल्बेर क्लोद यांनी थेट निकालच देऊ केला: हे अंगक नव्हेच, पेशीतील मेदयुक्त थेंबांवर तयारीच्या रसायनांची क्रिया होऊन ही आकृती उद्भवते.

पाचच वर्षांत चित्र पालटले. १९५४ मध्ये अल्बर्ट डाल्टन आणि मेरी फेलिक्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्या जागी पटलांची सुस्पष्ट चवड दाखवली. येथे चांदीचा संबंधच नव्हता. एका साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्या, स्वतंत्र साक्षीदाराने उचलून धरले होते.

अस्तित्व सिद्ध झाले, कार्य? ते निर्णायकपणे दाखवणाऱ्यांत आघाडीवर होते जॉर्ज पालाडे, पंधरा वर्षांपूर्वी हे अंगक नाकारणारे! १९६४ मध्ये लुसिएन कारो यांच्यासह त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडातील पेशींना किरणोत्सारी ल्यूसिन पुरवून नव्या प्रथिनांचा माग काढला. पहिल्या काही मिनिटांत किरणोत्सार खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत आढळला, सुमारे विसाव्या मिनिटास गोल्जी संकुलात आणि तासाभरात स्रावकणांत. जालिकेत बनलेला माल या चवडीतून बांधला जाऊन पेशीबाहेर निघतो, हा मार्ग घड्याळ लावून मोजला गेला. चवड नसती, तर मधला टप्पा कोठे घडला असता?

१९७४ चे नोबेल पालाडे, क्लोद आणि लयकारिकांचे संशोधक क्रिस्त्यां द द्यूव यांना मिळाले. जे अंगक पूर्वी नाकारले, त्याच्या मार्गाचे वर्णन पालाडे आता मानाने करत होते. आल्प्समधील कोर्तेनो या गोल्जींच्या जन्मगावाचे नाव आज 'कोर्तेनो गोल्जी' असे आहे.