अंगठ्याआधीचा नांगर

मधुमेहावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत मराठवाड्यातली, वसमतकडची एखादी शेतमजूर बाई नाव नोंदवते, तेव्हा तिच्यापुढे मराठीत छापलेलं संमतीपत्र येतं. सही येत नसेल तर खाली अंगठ्याचा ठसा आणि शेजारी निःपक्ष साक्षीदाराची सही. हा अंगठा त्या कागदावर आला कुठून? ठरलेलं उत्तर एकच, इंग्रजांकडून. मला ते अर्धंच पटतं.

२८ जुलै १८५८ रोजी बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाईशी रस्त्याच्या मालाचा करार केला आणि कागदाच्या पाठीवर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. १८७७ साली हुगळीला बोटांचे ठसे दस्तनोंदणीत शिरले, १८९७ साली कलकत्त्यात त्यांची कचेरी निघाली. पण बंगालातले निरक्षर लोक बोटाचं टोक शाईत बुडवून 'टिपसही' आधीपासूनच करत होते, आणि हर्शेलने तीच उचलली असं म्हणणारे आहेत. हर्शेलचं म्हणणं, टिपसही म्हणजे नुसता डाग, त्यात रेषा कुठे? या भांडणात मी हर्शेलच्या बाजूचा. मात्र पंजा कशासाठी घेतला, तेही त्यानेच लिहून ठेवलंय: उद्या 'ही सही माझी नव्हे' म्हणायची कोनाईची छाती होऊ नये.

संमतीपत्राचा स्वभाव बरोबर याच्या उलट. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडा, तुमच्या नेहमीच्या उपचारांना धक्का लागणार नाही, असं त्यात छापलेलंच असतं. जन्माचा सोबती झालेल्या आजारात या वाक्याला फार वजन. औषध महिनोन्‌महिने चालतं, मध्येच त्याबद्दल नवं काही कळलं तर माणसाला पुन्हा विचारावं लागतं. नाकबुली अडवणाऱ्या ठशाच्या पोटी नाकबुलीची मुभा देणारा ठसा जन्माला कसा येईल?

म्हणून मी महजरापर्यंत मागे जातो. वतनाचा तंटा आला की गोत बसे, जाबसाल होत, निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, तयार होई. ज्यांना लिहिता येत नसे ते खाली निशाणी करत: पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारं. लिहिणारा दुसराच असे, म्हणून 'बिकलम अमुक'. मराठवाड्यावर निजामाचा अंमल असला तरी गावगाड्यातली पाटीलकी आणि बलुतं तशीच होती. कागद एकाचा, हात दुसऱ्याचा, डोळे चौघांचे, ही रीत संमतीपत्राच्या तळाशी अजून दिसते. अक्षरओळख नसलेल्यासाठी तो साक्षीदार सगळी बोलणी होईपर्यंत समोर हजर लागतो, नुसता सहीपुरता येऊन चालत नाही.

यावर जाणकार म्हणतील, निःपक्ष साक्षीदार औषधचाचण्यांच्या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतून आला. त्याआधी १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, आणि त्याच्याही आधी १९०० साली क्यूबात वॉल्टर रीड या डॉक्टरने पीतज्वराच्या प्रयोगासाठी स्पॅनिश स्थलांतरितांशी शंभर डॉलर सोन्यात देऊन केलेले लेखी करार. कबूल. कागदाचा वरचा मजकूर त्याच घराण्यातला. मोडी महजरापासून औषधचाचणीपर्यंत सलग साखळी दाखवा म्हणाल, तर माझ्याकडे ती नाही. शिवाय नांगर कोणाचाही असू शकतो, त्यातून धंदा कळतो, माणूस नाही. हर्शेलचा पंजा तिथे सरस. (हळद काढून, शिजवून रेषा झिजलेली बोटं रेशनच्या यंत्राला ओळखू येत नाहीत, तेव्हा हर्शेलचाही पाडाव होतो, ते सोडा.)

पण माझा हुकमाचा पत्ता वेगळाच आहे. भारतातल्या चाचण्यांच्या नियमांनी संमतीपत्राचा जो नमुना ठरवलाय, त्यात नाव-पत्त्यासोबत शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न विचारलेलं असतं, शिवाय भरपाईसाठी वारसदाराचं नाव. आंतरराष्ट्रीय नियमावलीत संमतीसाठी व्यवसाय कोणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र अंगठा देणाऱ्याने 'मी कोण' हे धंद्यावरून सांगायचंच. कारकुनी सवय म्हणा हवं तर. मला त्या रकान्यात नांगरच दिसतो.

अलीकडची भर एका ओळीची. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संमतीचं चित्रीकरण आलं, आता ते नव्या रसायनांच्या चाचणीत दुर्बल गटांतल्या सहभागींसाठी बंधनकारक आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांना त्यात सूट आहे, तिथे फक्त आवाज नोंदवतात.