जेकब: एका आडनावाची कुळकथा

जगतपुरा म्हणजे जयपूरच्या आग्नेयेला पसरलेली नवी वस्ती. गेटोर जगतपुरा हे तिचे रेल्वे स्टेशन. आजूबाजूला इंजिनिअरिंगची कॉलेजे आणि उंच इमारती. इथून शहराकडे निघाले की दहाएक किलोमीटरवर रामनिवास बागेत अल्बर्ट हॉल लागतो आणि पुढे सिव्हिल लाइन्समध्ये जेकब रोड. अल्बर्ट हॉलची इमारत ज्याने उभी केली त्याचेच नाव या रस्त्याला आहे: कर्नल सर सॅम्युएल स्विंटन जेकब, जयपूर संस्थानाचा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. मराठी वाचकाला ‘सॅम्युएल’ आणि ‘जेकब’ ही दोन नावे एकापुढे एक दिसली, की मनात पहिला अंदाज येतो तो ज्यू असण्याचा. दुसरा, केरळी ख्रिस्ती असण्याचा. दोन्ही चुकतात. हा गृहस्थ इंग्रज सैनिकी घराण्यातला. अंदाज चुकतो याचे कारण आपण आडनावाकडून जे मागतो ते देण्याची त्याची ऐपतच नसते. जेकब हे आडनाव सांगते एवढेच, की कित्येक पिढ्यांपूर्वी कोणा एका माणसाच्या बापाचे नाव जेकब होते. धर्म, वंश, नातेगोते यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नाही. ते हवे असेल तर आडनावाच्या अलीकडे, दोन नावांच्या मध्ये पाहावे लागते.

नाव मुळात हिब्रू, याकोव्ह. उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा प्रसिद्ध आहे: जुळ्यांपैकी धाकटा थोरल्याची टाच धरून जन्माला आला, म्हणून टाचेवरून त्याचे नाव पडले, पुढे त्याने भावाचा वडीलपणा लाटला तेव्हा भावाने याच नावावर कोटी केली. भाषेच्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते. त्यांच्या मते ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाच्या लांब नावाचे हे अर्धे रूप असावे, कारण तशी नावे मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर सापडतात. ते काही असो, नाव ग्रीकमध्ये गेले, तिथून लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ झाले, आणि लॅटिनच्या बोलीत त्याचे ‘याकोमुस’ असेही एक रूप निघाले. युरोपातली नावे इथून फुटली. पहिल्यातून जेकब, फ्रेंच जाक आणि स्पॅनिश यागो. दुसऱ्यातून इंग्रजी जेम्स आणि पोर्तुगीज जाकोमे. गोव्यातल्या दिवाडी बेटावरून श्रीलंकेला गेलेला आणि सिंहलीत ग्रंथ लिहिणारा अठराव्या शतकातला धर्मोपदेशक जाकोमे गोन्साल्विस हा नावापुरता जेकबच. इंग्रजी बायबलने जुन्या करारातल्या कुलपतीला जेकब म्हटले आणि नव्या करारातल्या शिष्याला जेम्स. मराठी बायबलात दोघेही याकोबच राहिले, त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकाला जी गोष्ट उघड दिसते ती इंग्रजाला मुद्दाम सांगावी लागते.

इंग्लंडात आडनावे कायम होत गेली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकांत. जमिनीचे खाते, कर, कोर्टाचा दंड अशा नोंदींत एका गावातले चार जॉन वेगळे ओळखायचे, तर धंदा, गाव, शरीराची खूण किंवा बापाचे नाव जोडणे भाग होते. बापाचे नाव कधी तसेच चिकटले, कधी शेवटी ‘स’ लागला, कधी ‘सन’. म्हणून जेकब, जेकब्स आणि जेकबसन. आपल्याकडे बापाचे नाव मधल्या जागी बसते आणि दर पिढीला बदलते. इंग्लंडात ते शेवटच्या जागी गेले आणि एका पिढीवर येऊन थांबले. थांबले ती पिढी प्रत्येक गावात वेगळी होती. त्यामुळे केंटमधला जेकब आणि डेव्हनमधला जेकब यांचा परस्परांशी संबंध तितकाच, जितका विदर्भातल्या कुलकर्ण्यांचा बेळगावच्या कुलकर्ण्यांशी. त्यात भर अशी की नोंदी लॅटिनमध्ये होत आणि कारकून जेम्सलाही ‘याकोबुस’ लिही, जेकबलाही ‘याकोबुस’च. इंग्लंडच्या राजा दुसऱ्या जेम्सच्या पक्षाला ‘जेकबाइट’ म्हणतात ते याच सवयीमुळे. तेव्हा जुन्या नोंदीतला एखादा ‘याकोबुसचा मुलगा’ घरी, शेतावर कोणत्या नावाने हाक मारला जात होता हे त्या ओळीवरून ठरत नाही.

यावर वाजवी आक्षेप असा, की मध्ययुगीन इंग्लंडात जेकब हे नाव ज्यूंमध्ये प्रचलित होतेच. मग आडनावाचे मूळ तिकडे का शोधू नये? पण कालक्रम आडवा येतो. पहिल्या एडवर्डने १२९० मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढले आणि उघडपणे परत येण्याची वाट क्रॉमवेलच्या काळात, १६५६ च्या सुमारास मोकळी झाली. या साडेतीनशे वर्षांतच इंग्रज गावकऱ्यांची आडनावे पक्की झाली. चर्चमध्ये ऐकलेली नावे मुलांना ठेवण्याची रीत होती, शिवाय सेंट जेम्सच्या म्हणजे सांतियागोच्या यात्रेने हे नाव युरोपभर लोकप्रिय केले होते. ज्यू कुटुंबे परत आल्यावर त्यांच्यातही बापाच्या नावाचे आडनाव झाले आणि त्यांत जेकब्स पुष्कळ निघाले, हे खरे. म्हणजे इंग्लंडात एकाच नावाचे निदान दोन प्रवाह आहेत, त्यांचा उगम वेगळा आणि काळही वेगळा. कायद्याचा कोश रचणारा जाइल्स जेकब पहिल्या प्रवाहातला. आयर्लंडात वॉटरफर्डला बिस्किटांचा कारखाना काढणारे जेकब तर क्वेकर पंथाचे होते.

आता भारताशी गाठ पडलेले जेकब. केंट परगण्यातल्या फॅव्हरशॅम गावी अठराव्या शतकात एडवर्ड जेकब नावाचा सर्जन होता. गावचा मेयर झालेला, वनस्पतींचा आणि जुन्या वस्तूंचा नादी. त्याने १७७४ मध्ये गावाचा इतिहास लिहिला. त्याआधी त्याने फॅव्हरशॅममधल्याच एका खुनावरचे जुने नाटक पुन्हा छापून ते शेक्सपिअरचे असावे असे सुचवले होते, आणि विद्वान त्यावर अजून भांडतात. त्याची बायको मेरी ही सँडविचच्या स्टीफन लाँगची मुलगी. पुढच्या पिढीत सॉमरसेटमधल्या वुलॅव्हिंग्टनच्या चर्चचा पाद्री म्हणून एक नाव भेटते: स्टीफन लाँग जेकब. केंटपासून सॉमरसेट लांब आहे, आणि नुसत्या ‘जेकब’वरून ही माणसे एका घरची असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण आजोबांचे आख्खे नाव, नाव आणि आडनाव दोन्ही, नातवाच्या पुढे जोडलेले दिसले की शंकेला जागा उरत नाही. बापाकडचे आडनाव जिथे गप्प बसते तिथे आजोळचे आडनाव बोलते. इंग्रजांच्या मधल्या नावात बहुधा आई किंवा आजी लपलेली असते, आणि कुळ शोधणाऱ्याने आधी तिला विचारावे. आपले मधले नाव वाचण्याची सवय झालेला मराठी माणूस नेमका इथेच चकतो.

या पाद्र्याच्या मुलांपैकी दोघे मुंबई इलाख्यात आले. जॉन जेकब, जन्म १८१२, बॉम्बे आर्टिलरीतून सिंधमध्ये गेला, मियाणीच्या लढाईत लढला, आणि खानगढ नावाच्या ओसाड जागी त्याने जे ठाणे वसवले तेच जेकबाबाद. १८५८ च्या डिसेंबरात तो तिथेच मेला. त्याच्या घोडदळाचा वारसा सांगणारी सिंद हॉर्स ही रेजिमेंट आज भारतीय सैन्यात आहे आणि त्याचे गाव पाकिस्तानात. फाळणीने माणसांप्रमाणे नावेही वाटून घेतली. धाकटा विल्यम स्टीफन जेकब अधिक वेधक. नावातला ‘स्टीफन’ पाहा, पुन्हा तोच सँडविचचा पणजोबा. हा बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी. त्याने १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली, पुढे दहाएक वर्षे मद्रासची वेधशाळा सांभाळली. १८५५ मध्ये त्याने जाहीर केले, की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या कक्षेत जी अनियमितता दिसते तिचे कारण एखादा ग्रहासारखा पिंड असावा. दुसऱ्या सूर्याभोवती ग्रह असल्याचा हा बहुतेक पहिलाच दावा. पुढच्या गणिताने तो उभा राहू दिला नाही, पण विचारण्याजोगा प्रश्न भारतातल्या वेधांवरून विचारला गेला, ही लहान गोष्ट नव्हे. पुण्याजवळ उंचावर नवी वेधशाळा उभारायला पार्लमेंटने पैसे मंजूर केले, दुर्बीण घेऊन तो ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबईला उतरला, आणि आठवडाभरातच पुण्यात वारला.

त्याच गोतातला तिसरा, जॉर्ज ले ग्रँड जेकब. ‘ले ग्रँड’ हे त्याच्या आईचे माहेर. काठेवाड, सावंतवाडी, कच्छ इथे त्याने राजकीय अधिकारी म्हणून काम केले. गिरनारच्या खडकावरच्या अशोकाच्या लेखाची प्रत करून घेणाऱ्यांत तो होता. पण कोल्हापूरकरांच्या आठवणीत तो राहिला आहे वेगळ्या कारणाने. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, तो मोडून काढायला आलेला जेकब हाच. तोफेच्या तोंडी देण्यासकट सगळ्या शिक्षा त्याने अमलात आणल्या, डिसेंबरातला दुसरा उठाव चिरडला, आणि राजाचे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला धाडण्यात आले. नंतर त्याने या दिवसांवर पुस्तकही लिहिले. शिलालेख वाचणारा हात आणि हुकमावर सही करणारा हात एकच असू शकतो, हे वसाहतीच्या काळात नवल नव्हते; पण चरित्रे लिहिणारे बहुधा दोन्हींपैकी एकच हात दाखवतात.

स्विंटन जेकबकडे याच किल्लीने पाहता येते. जन्म १८४१; वडील कर्नल विल्यम जेकब बॉम्बे आर्टिलरीत; आई स्विंटन घराण्यातली. स्विंटन हे स्कॉटिश सरहद्दीवरच्या गावाचे नाव, म्हणजे आडनावांच्या हिशेबात हे आपल्या ‘कर’ जातीचे. माणूस एकच, पण त्याच्या नावात दोन तऱ्हांची आडनावे शेजारी बसली आहेत: एक गावाचे, एक बापाचे. ॲडिसकोम्बच्या सैनिकी विद्यालयातून तो आर्टिलरीत गेला आणि १८६७ मध्ये जयपूरला आला. महाराजा सवाई रामसिंह आणि नंतर सवाई माधोसिंह यांच्या पदरी त्याने पस्तीसेक वर्षे काढली: रस्ते, पाटबंधारे, पाणीपुरवठा आणि इमारती. अल्बर्ट हॉलची पायाभरणी ६ फेब्रुवारी १८७६ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली आणि संग्रहालय म्हणून तो १८८७ मध्ये उघडला. बिकानेरचा लालगढ पॅलेस त्याचाच. जुन्या इमारतींचे कठडे, महिरपी, जाळ्या, खांबांचे तळ यांची मापे घेऊन केलेली रेखाटने त्याने ‘जेपोर पोर्टफोलिओ’ नावाने १८९० पासून छापली. पाने सुटी ठेवली होती, म्हणजे कारागिराला हवे ते पान उचलून बांधकामावर नेता यावे. ही रेखाटने काढली जयपूरच्या चित्रकारांनी. लाला रामबक्ष त्यांत प्रमुख. अल्बर्ट हॉलच्या कामात मीर तजम्मुल हुसेन होते. जेकबने त्यांची नावे दडवली नाहीत, हे त्याच्या पदरी जमा धरावे. तरी सूचीत शोधले तर इमारत जेकबखालीच सापडते. ग्रंथालयाची सूची आडनावावर चालते, आणि ज्यांना वंशपरंपरेचे आडनावच नाही त्यांच्यासाठी तिच्यात नीटसा कप्पा नसतो.

दुसरा आक्षेप इकडचा आहे आणि तो अधिक वजनदार. भारतात जेकब म्हटल्यावर ज्यू आठवतो तो उगाच नव्हे. बांगलादेश युद्धात पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले आणि डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यात शरणागतीच्या वाटाघाटी करणारे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब हे कलकत्त्यातल्या बगदादी ज्यू घराण्यातले. पुढे ते गोव्याचे राज्यपालही झाले. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्रायलांतही हे नाव आहेच. पण त्यांची रीत पाहा. त्यांनी आपली मूळ ओळख गावावर ठेवली: केहीमकर, पेणकर, रोहेकर. सॅम्युएलचा सामाजी आणि आयझॅकचा इसाजी करून ते कोकणात मिसळून गेले होते. बायबलातल्या बापाचे नाव आडनावाच्या जागी लावण्याची चाल त्यांच्यातल्या काहींनी इंग्रजी अमदानीत उचलली, बगदाद्यांनीही. केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांत बापाचे नाव शेवटी लावण्याची तऱ्हा आणखी वेगळी. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. जे चौदाव्या शतकात केंटमध्ये घडले तेच पाच शतकांनी मुंबईत आणि कलकत्त्यात घडले, आणि त्यातून निघालेला शब्द दिसायला तोच निघाला. एक जनरल जेकब सॉमरसेटच्या पाद्र्याचा मुलगा आणि दुसरा बगदादहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या कुळातला. आडनाव त्यांना जोडत नाही, तोडतही नाही.

सिमल्याचा जवाहिऱ्या अलेक्झांडर माल्कम जेकब तर या सगळ्यांच्या पलीकडचा. कोणी त्याला आर्मेनियन म्हणे, कोणी ज्यू, कोणी तुर्की मुलखातला ख्रिस्ती. किपलिंगच्या ‘किम’मधला लर्गन साहेब त्याच्यावरूनच बेतला असे मानतात. १८९१ मध्ये त्याने हैदराबादच्या निजामाला जो हिरा विकायला काढला, त्यावरून कलकत्त्याच्या कोर्टात खटला गाजला. खटला तो जिंकला, धंदा मात्र बसला, आणि १९२१ मध्ये मुंबईत तो हलाखीत मेला. १८४ कॅरटहून अधिक वजनाचा तो हिरा निजामाच्या इतर जवाहिरांसह १९९५ मध्ये भारत सरकारने विकत घेतला. त्याला अजूनही जेकब हिरा म्हणतात.

मुंबईत सात रस्त्याजवळचे जेकब सर्कल कोणाच्या नावाचे, यावर अंदाजच अंदाज. आजूबाजूला कापडगिरण्या, त्यांत ससून घराण्याचा दबदबा, आणि त्या घराण्यात जेकब ससून नावाचा बडा मालक होऊन गेलेला. त्यामुळे तर्क सहज तिकडे धावतो. नाव पडले आहे ते कोल्हापूरच्या ले ग्रँड जेकबवरून. चौकाला आता संत गाडगे महाराजांचे नाव आहे, पण २०१९ मध्ये मोनोरेल चेंबूरहून तिथवर आली तेव्हाही लोकांच्या तोंडी जेकब सर्कलच होते.