खाणीतला कोळसा आणि आकाशाचा हिशेब

राज्यकर्त्याच्या कृतीचा परिणाम आणि त्या कृतीमागचा हेतू ही दोन निराळी असतात. काळ लोटला की लोक परिणामावरून हेतू ठरवू लागतात. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या कोळशाविषयीच्या धोरणाचे असेच झाले आहे.

थॅचरबाई मूळच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी. ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्या मार्गदर्शनाखाली त्या शिकल्या. १९७९ च्या मे महिन्यात त्या पंतप्रधान झाल्या, तेव्हा ब्रिटनची निम्म्याहून अधिक वीज कोळशापासून होत असे आणि खाणी सरकारी मालकीच्या होत्या. १९७४ साली खाणकामगारांच्या संपाच्या काळातच त्यांच्या पक्षाने निवडणूक घेतली आणि सत्ता गमावली होती. ते शल्य पक्ष विसरला नव्हता.

१९८४ च्या मार्चमध्ये सुमारे वीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर झाला. सुमारे वीस हजार लोकांची रोजी त्यात जाणार होती. संप वर्षभर चालला. सरकारने वीजकेंद्रांवर कोळशाचे मोठे साठे आधीच करून ठेवले होते, त्यामुळे दिवे विझले नाहीत. १९८५ च्या मार्चमध्ये कामगार रिक्त हस्ते कामावर परतले. त्या साऱ्या वादात प्रश्न होता तो खाणींच्या तोट्याचा आणि संघटनेच्या बळाचा. पृथ्वीच्या तापमानाचा नव्हे.

तो प्रश्न बाईंनी मांडला तो पुढे. २७ सप्टेंबर १९८८ रोजी रॉयल सोसायटीपुढे बोलताना, मानवजातीने नकळत पृथ्वीवरच एक प्रचंड प्रयोग आरंभिला असावा, असे त्या म्हणाल्या. ८ नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्यांनी हाच विषय मांडला. मे १९९० मध्ये हवामानाच्या संशोधनासाठी त्यांच्या हस्ते हॅडली केंद्राचे उद्घाटन झाले. कोळशाला पर्याय म्हणून त्यांचा भर अणुशक्तीवर होता. पण वीजधंदा खाजगी भांडवलाकडे देताना १९८९ साली अणुकेंद्रे त्यातून वगळावी लागली, कारण तो खर्चाचा बोजा घेण्यास भांडवलदार राजी नव्हते.

पुढे बाईंचा सूर पालटला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेटक्राफ्ट’ या ग्रंथात, हवामानाच्या भीतीआडून जागतिक समाजवाद येऊ पाहतो आहे, असा संशय त्यांनी व्यक्त केला. विज्ञानाने दिलेला इशारा त्यांनी लवकर ओळखला होता, पण त्यावरचा उपाय जेव्हा आपल्या राजकीय श्रद्धेच्या आड येताना दिसला, तेव्हा त्या मागे सरल्या.

१९९० नंतर ब्रिटनच्या वीजकेंद्रांत कोळशाची जागा नैसर्गिक वायू घेऊ लागला. डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरमधील केलिंगली ही अखेरची खोल खाण बंद झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्रही थांबले. आकाशाच्या दृष्टीने हे हिताचेच झाले. परंतु यॉर्कशायर, डरॅम आणि दक्षिण वेल्स येथील खाणगावांनी जे गमावले, ते आकाशासाठी म्हणून कोणी मागून घेतले नव्हते, आणि त्याची पुरती भरपाईही झाली नाही.

आज ज्या देशांत लक्षावधी चुली कोळशाच्या कमाईवर पेटतात, त्यांनाही कधीतरी हा मार्ग चालावा लागेल. खाण बंद करण्यापूर्वी त्या चुलींची सोय लावणे, हा या इतिहासातला न गिरवलेला धडा आहे.