पहिल्या छायाचित्राची इस्लाह

उर्दू शायरीच्या दुनियेत 'इस्लाह' हा शब्द फार आदराने उच्चारला जातो. शागिर्दाने गझल लिहायची, उस्तादाने ती वाचून एखादा शब्द बदलायचा, एखादा मिसरा सैल वाटला तर तसे स्पष्ट सांगायचे, ही इस्लाह. हाली यांनी गालिबकडून ती घेतली. तरुण इकबाल आपल्या गझला टपालाने दाग देहलवींकडे पाठवीत आणि उत्तराची वाट पाहत. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मला या परंपरेची नेहमी आठवण येते. पण ही परंपरा फक्त शायरीची नाही. एका अगदी वेगळ्या क्षेत्रातही, म्हणजे छायाचित्रणात, पहिल्या प्रयत्नाला मिळालेल्या इस्लाहीने फार मोठा इतिहास घडवला आहे.

माझ्या मामूंचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. शाळेत असताना सुट्टीत मी तिथे जाऊन बसे. छत्तीस फोटोंचा रोल कॅमेऱ्यात कसा चढवायचा, तो धुवायला कधी पाठवायचा, हे सारे मी तिथेच शिकलो. कलर लॅब जिल्ह्याच्या ठिकाणी असल्याने फोटो हाती यायला दोन-तीन दिवस लागत. तोवर काय आले, काय बिघडले, कोणालाच ठाऊक नसे. मामू प्रत्येक बटण विचार करून दाबीत. रोलचे पैसे लागत, धुण्याचे लागत, प्रिंटचेही लागत.

2009 साली कुवेतहून आलेल्या चुलतभावाने मला एक छोटा डिजिटल कॅमेरा दिला. रमजान ईदच्या सकाळी मी ईदगाहवर दीडशेच्या वर फोटो काढले. संध्याकाळी मोठ्या ऐटीत ते मामूंना कॉम्प्युटरवर दाखवले. मामूंनी सगळे शांतपणे पाहिले आणि एका फोटोवर बोट ठेवले. नमाजनंतर गळाभेट घेणारे लोक, सगळ्यांचे नवे पांढरे कुर्ते, वर सप्टेंबरचे ऊन. मामू म्हणाले, "बेटा, कुर्ते की सलवटें किदर गयी?"

मी पाहिले. खरेच, कुर्त्यांवर एकही सुरकुती दिसत नव्हती. दहा माणसांचे कपडे मिळून एकच पांढरा डाग झाला होता. मामूंनी आयुष्यात डिजिटल कॅमेरा हाती धरला नव्हता, पण दोष त्यांनी क्षणात ओळखला. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "और ये डब्बे पे कौन देखेगा फोटो? लोगों को हाथ में चाहिये, अल्बम में चाहिये."

मामूंची ही दोन वाक्ये माझ्या मनात घर करून राहिली. त्यातले पहिले शंभर टक्के बरोबर होते आणि दुसरे चुकले. पुढे डिजिटल कॅमेऱ्याचा इतिहास वाचला तेव्हा आढळले की नेमका हाच प्रसंग तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी अमेरिकेत घडून गेला होता.

1973 साली स्टीव्हन सॅसन नावाचा तरुण इंजिनिअर रोचेस्टर येथील कोडॅक कंपनीत दाखल झाला. ही तीच कंपनी, जिच्या जॉर्ज ईस्टमनने 1888 साली सामान्य माणसासाठी कॅमेरा बाजारात आणला होता. त्या कॅमेऱ्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. फोटो संपले की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. कंपनी फोटो छापून आणि नवा रोल भरून तो परत करी. म्हणजे फोटो काढणे ग्राहकाचे आणि पुढचे सगळे काम कंपनीचे. पुढच्या काळातही कोडॅकची कमाई कॅमेऱ्यापेक्षा फिल्म, रसायने आणि कागद यांवरच अधिक होती. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

1969 साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 'सीसीडी' नावाची चिप शोधली होती. तिच्यावर प्रकाश पडला की त्या प्रमाणात विद्युतभार जमा होतो. हिचा काही उपयोग होईल का ते पाहा, एवढेच काम सॅसनला दिले गेले. त्याने सुपर-8 चित्रपट-कॅमेऱ्याचे जुने भिंग, एक कॅसेट रेकॉर्डर, सोळा बॅटऱ्या आणि शंभर गुणिले शंभर, म्हणजे फक्त दहा हजार बिंदूंची चिप यांची जुळवाजुळव केली. सुमारे साडेतीन किलो वजनाचा तो डबा डिसेंबर 1975 मध्ये तयार झाला.

पहिला फोटो काढला तो शेजारच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणीचा. तिचे चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागले. मग ती कॅसेट दुसऱ्या यंत्रात घालून दूरदर्शनच्या पडद्यावर चित्र उमटवले गेले. केस दिसले, मागची भिंत दिसली, पण चेहऱ्याच्या जागी नुसता गोंधळ होता. सॅसन आणि त्याचा सहकारी जिम शुकलर आनंदाने वेडे झाले होते, कारण चित्र आले हेच त्यांच्यासाठी खूप होते. त्या तरुणीने मात्र पडद्याकडे पाहिले, अजून काम करायला हवे अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि ती निघून गेली.

डिजिटल छायाचित्राला मिळालेली ही पहिली इस्लाह म्हणायला हरकत नाही. ती कठोर होती, पण खरी होती. दोष काही तारांच्या जोडणीत होता. त्या उलट करताच चेहरा पडद्यावर आला.

दुसरी इस्लाह आली ती कंपनीच्या वरिष्ठांकडून. 1976 मध्ये सॅसनने वेगवेगळ्या विभागांच्या अधिकाऱ्यांपुढे प्रात्यक्षिके केली. खोलीत बसलेल्यांचाच फोटो काढायचा आणि तो लगेच पडद्यावर दाखवायचा. एका कॅसेटवर तीस फोटो मावतील असे त्याने ठरवले होते. रोलमध्ये चोवीस किंवा छत्तीस फोटो असतात, म्हणून मधला आकडा. अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारले. आपला फोटो टीव्हीवर पाहावा असे कोणाला का वाटेल? हे फोटो साठवायचे कुठे? विजेचा अल्बम दिसणार कसा? लोक शंभर वर्षांपासून कागदावरचे फोटो पाहत आहेत, कोणाची काही तक्रार आहे का? मामूंचेच प्रश्न!

आज या अधिकाऱ्यांना हसणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. दहा हजार बिंदूंचे ते चित्र फिल्मच्या पासंगालाही पुरत नव्हते. सॅसनने स्वतःही सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचायला पंधरा-वीस वर्षे लागतील असाच अंदाज दिला होता. कोडॅकने 1978 मध्ये या कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले. रंगीत चित्रासाठी आजही सर्वत्र वापरली जाणारी लाल-हिरव्या-निळ्या चौकड्यांची जाळी त्याच कंपनीच्या ब्राइस बायर याने शोधली. 1989 साली सॅसन आणि रॉबर्ट हिल्स यांनी 12 लाख बिंदूंचा, मेमरी कार्डवर चालणारा आधुनिक कॅमेराही बनवून दाखवला. पण तोवर चित्राचा दर्जा हा प्रश्नच उरला नव्हता. आपल्याच फिल्मचा खप बुडेल ही विक्री विभागाची भीती होती. कोडॅकने पुढे डिजिटल कॅमेरे विकले, पेटंटमधून पैसाही मिळवला. तरी जानेवारी 2012 मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

थोडक्यात, त्या तरुणीने चित्रावर मत दिले आणि चित्र सुधारले. अधिकाऱ्यांनी चित्राच्या निमित्ताने आपल्या धंद्यावर मत दिले आणि त्याला चित्रावरचे मत समजले. टीका ऐकताना आणि करतानाही हा फरक ओळखावा लागतो.

आता कुर्त्यांच्या सुरकुत्यांकडे परत येतो. फिल्मच्या निगेटिव्हवर जास्त प्रकाश पडला तरी ती एकदम हार मानत नाही. उजेड वाढत जाईल तसा तिचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो, त्यामुळे पांढऱ्यातलेही बारकावे तिच्यावर शिल्लक राहतात. चिपचे तसे नाही. तिचा प्रत्येक बिंदू म्हणजे पावसात ठेवलेली वाटी. वाटी काठोकाठ भरली की पुढचा पाऊस मोजलाच जात नाही. शेजारच्या सगळ्या वाट्या भरल्या की तिथे नुसता पांढरा डाग उरतो आणि नंतर कितीही खटपट केली तरी सुरकुती परत येत नाही. म्हणून फिल्मवाल्याने सावलीची काळजी करायची आणि डिजिटलवाल्याने उजेडाची. मामूंच्या त्या एका प्रश्नामुळे मी कॅमेऱ्यातील प्रकाश एक पायरी कमी करायला शिकलो. बकरी ईदला कुर्त्यांना सुरकुत्या आल्या.

योगायोग असा की त्याच 2009 मध्ये कोडॅकने कोडाक्रोम ही आपली नामांकित फिल्म बंद केली आणि त्याच वर्षी बॉइल व स्मिथ यांना सीसीडीसाठी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. एक दार मिटले, दुसऱ्यावर तोरण बांधले गेले. मामूंचा स्टुडिओ पुढे चार वर्षे कसाबसा चालला. मग तिथे झेरॉक्सचे मशीन आले. हजच्या अर्जासाठी फोटो काढायला येणाऱ्या बुजुर्गांसाठी त्यांनी शेवटी एक डिजिटल कॅमेरा घेतला खरा, पण उशीर झाला होता. आम्ही भाचे-पुतणे त्यांचे फोटो पाहून नेहमी वाहवा करीत राहिलो. धंद्याबद्दल खरे बोलण्याची हिंमत मात्र आमच्यापैकी कोणी केली नाही. त्यांनी मला इस्लाह दिली, आम्ही त्यांना दिली नाही. याची खंत मला आजही आहे.

आपल्या मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. कला अगदी नवी असतानाही तिथली मंडळी एकत्र बसून तिच्यावर चर्चा करीत, नियतकालिक काढीत. एकट्याने शिकता येत नाही हे त्यांना कळले होते. आज माझ्या वर्गातील मुले मोबाईलवर दिवसाला पन्नास फोटो काढतात आणि त्यांना अंगठे व बदाम भरपूर मिळतात. पण सुरकुती कुठे गेली, हे विचारणारे कोणी नसते.

म्हणून मी दर महिन्याला एक तास ठेवला आहे. प्रत्येकाने एकच फोटो आणायचा. बाकीच्यांनी त्यातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि एक सुधारण्याजोगी. पहिल्या दिवशी एका मुलीचे डोळे भरून आले. पुढच्या महिन्यात तिनेच सर्वांत आधी हात वर केला.